सूज ओसरली तरी आतड्यातील व्रण राहतो

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यातील एका हायस्कूलमध्ये मी अनेक वर्षे विज्ञान शिकवले. तरीही क्रोन्स या आतड्याच्या आजारात रुग्णाला बरे वाटणे आणि आतडे बरे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पुतण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच उमगले. आपल्याकडे पोटाची बहुतेक दुखणी पित्त, मुरडा किंवा मूळव्याध या तीन नावांतच मिटवली जातात, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

पुतण्याचे पोट उजव्या बाजूला खाली दुखायचे, संध्याकाळी कणकण असायची, वजन उतरत चालले होते. लहान आतडे मोठ्या आतड्याला जिथे मिळते तिथे जखमा असल्याचे दुर्बिणीच्या तपासणीत दिसले आणि आधी टीबीची औषधे सुरू झाली. यात डॉक्टरांना दोष देता येणार नाही, कारण आतड्याचा क्षय आणि क्रोन्स बहुधा याच जागी होतात, दिसतातही पुष्कळसे सारखे, आणि क्षय असताना चुकून स्टेरॉइड दिले गेले तर तो बळावतो. काही महिन्यांनी निदान बदलले, स्टेरॉइडने भूक परतली, आणि बेळगावच्या फेऱ्या, बसभाडे व बुडणारा रोज यांना कंटाळलेल्या पोराने, आता बरे आहे म्हणून, दवाखान्यात जाणेच सोडले. त्याच्या फायलीत ‘स्ट्रिक्चर’ हा शब्द इंग्रजीत छापलेला होता. आतडे त्या जागी अरुंद झाले आहे, असा त्याचा अर्थ आम्हाला कोणी मराठीत सांगितला नाही, कन्नडमध्येही नाही. आणि खरे सांगायचे तर आम्हीही विचारला नाही.

जखम भरल्यावर कातडीवर जसा व्रण उरतो तसा तो आतड्याच्या भिंतीतही उरतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दुसऱ्या आजारात सूज मुख्यतः मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरापुरती राहते; क्रोन्समध्ये ती भिंतीच्या सगळ्या थरांत उतरते, आणि पुन्हा पुन्हा उसळत राहिली की तिथल्या पेशी कोलॅजन हे चिवट प्रथिन गरजेपेक्षा जास्त तयार करत राहतात. पेशीवर ताण आला की तयार होणाऱ्या ताण-प्रथिनांचा संबंध इथे येतो. इटलीचे रितोसा यांनी १९६२ मध्ये असे नोंदवले की, फळमाशीच्या पेशींना जास्त उष्णता लागताच त्यांच्या गुणसूत्रांवर नवे फुगवटे उमटतात. या निरीक्षणातून पुढे ‘हीट शॉक’ प्रथिनांचा शोध लागला. संकटात सापडलेल्या पेशीतील इतर प्रथिनांची घडी विस्कटू न देणे, हे त्यांचे काम. त्यांपैकी एचएसपी ४७ (एचएसपी म्हणजे हीट शॉक प्रोटीन) हे काझुहिरो नागाता व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये कोंबडीच्या गर्भपेशींत ओळखले, आणि ते खास कोलॅजनच्या सेवेला असते. घायपाताचा दोर वळताना एकाने पीळ धरून ठेवावा लागतो, नाहीतर पेड सुटतात; कोलॅजनच्या तीन पेडांचा पीळ हे प्रथिन तसा धरून ठेवते. क्रोन्सच्या रुग्णांच्या आतड्यात ते वाढलेले आढळले आहे. म्हणजे पेशीला सावरणारा हा मदतनीसच व्रण घट्ट करायलाही हातभार लावतो.

या प्रथिनाला आवर घालता येईल का, यावर संशोधन सुरू आहे. पण हाडांपासून कातडीपर्यंत कोलॅजन सगळीकडे लागते, त्यामुळे हे काम सोपे नाही. स्टेरॉइड काय किंवा इन्फ्लिक्सिमॅबसारखी महागडी इंजेक्शने काय, आवरतात ती सूज. एकदा घट्ट झालेला व्रण विरघळवणारे मान्यताप्राप्त औषध आज नाही. उरतो तो दुर्बिणीतून फुगा घालून वाट रुंद करण्याचा किंवा शस्त्रक्रियेचा मार्ग.

शस्त्रक्रियेच्या आधीचे चार महिने आठवतात. जेवून अर्धा-पाऊण तास झाला की पुतण्या भिंतीला पाठ लावून बसायचा, पोटावर एका बाजूला गोळा उठायचा, गुडगुड आवाज यायचा आणि मग एकदम मोकळे वाटायचे. आम्ही त्याला बद्धकोष्ठ समजलो. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने रात्री इसबगोल दिले, सालासकट पेरू, मोड आलेली मटकी खाऊ घातली. अरुंद झालेल्या आतड्यात फुगणारा आणि चोथ्याचा पदार्थ अडकून बसतो, हे कळायला उलट्या थांबेनाशा होऊन मिरज गाठावी लागली. सर्जनांनी काढलेला वीतभर तुकडा मला दाखवला. निरोगी आतडे ओल्या फडक्यासारखे लुळे असते. हा तुकडा रबरी नळीसारखा ताठ होता आणि आतली वाट जेमतेम पेन्सिल जाईल एवढी.

अशी लक्षणे असलेल्या क्रोन्सच्या रुग्णाने औषध संपले तरी तपासणी सोडू नये, पोटाचा सीटी किंवा एमआरआय कधी करायचा हे डॉक्टरांना विचारावे, मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, आणि विडी-सिगारेट बंद करावी, कारण क्रोन्स धूम्रपानाने बळावतो. निपाणीच्या तंबाखूपट्ट्याशेजारी राहून हे म्हणणे अवघड आहे, याची मला कल्पना आहे. रुग्णालयांकडे मागणे एवढेच की, डिस्चार्ज कार्डावर ‘आतडे या जागी अरुंद आहे, चोथ्याचे अन्न विचारून खावे, पोट फुगून उलट्या झाल्यास लगेच यावे’ ही ओळ रुग्णाला वाचता येईल त्या भाषेत, मराठी असो वा कन्नड, हाताने का होईना, लिहून द्यावी.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
खानापूर, जि. बेळगाव