पाने मिलिमीटरचे, विमान इंचांचं

नाशिक, शनिवार, १० जानेवारी २०२६

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

घरी सुखरूप पोचले. काकूंकडून किल्ली घेतली, नळाला पाणी आहे, गॅस आहे, आणि मागच्या दारची तुळस जिवंत आहे. हे सगळं फोनवर सांगून झालं. फोनवर जे सांगितलं नाही ते लिहायला बसले आहे. बाबांना फोनवर निम्मं ऐकू येत नाही म्हणून आई स्पीकर लावते, आणि मग दादा, वहिनी आणि त्यांच्या पोळीवाल्या मावशी अशा तिघांनाही माझं आयुष्य कळतं.

तर, मी विमान घेतलं आहे.

आई, आधी पुढचं वाच, मग दादाला हाक मार. लहानसं आहे, दोन माणसांचं. सेस्ना १५०. १९७४ साली अमेरिकेत विचिटाच्या कारखान्यात तयार झालं, आणि मी राहते तिथून तो कारखाना गाडीने अर्ध्या तासावर आहे. दादाच्या नव्या गाडीपेक्षा महाग पडलं नाही. लायसन्स काढलं तेव्हा 'हौस म्हणून' असं तुम्हाला सांगितलं होतं, ती हौस मे महिन्यात एवढी वाढली. आठ महिने लपवलं, त्याबद्दल काय बोलायचं ते गुरुवारी समोरासमोर बोला. लपवलं ते आईमुळे. ओझरला बाबांच्या विमान कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो तेव्हा गेलेलं विमान परत उतरल्याचा आवाज येईपर्यंत आई फोडणी टाकायची नाही. मला वाटतं ते तिचं तिला आठवतही नसेल. मला आठवतं, कारण मी भुकेलेली असायचे.

आता बाबांशी बोलते.

माळ्यावरची पेटी मी काल खाली काढली. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर 'कशाला?' आलं असतं. बेत असा होता की निम्मी हत्यारं बॅगेत भरायची, विमान ठेवायच्या शेडमध्ये, म्हणजे हँगरमध्ये न्यायची आणि तिथे टांगलेल्या हत्यारांचा फोटो तुम्हाला पाठवायचा. पेटी उघडल्यावर पाचव्या मिनिटाला लक्षात आलं की मी मूर्ख आहे. ओझरचा कारखाना १९६४ पासून मिगचा. रशियन विमान म्हणजे सगळे पाने मिलिमीटरचे. आणि माझी सेस्ना अमेरिकन, म्हणजे इंचांची. अर्ध्या इंचाचं डोकं असतं १२.७ मिलिमीटर. त्यावर तुमचा १३ चा पाना बसतो, पण खेळतो, आणि जोर लावला की कोपरे गोल. ७/१६ म्हणजे ११.११, त्याला ११ चा चढत नाही आणि १२ चा नुसता फिरतो. ३/४ ला मात्र १९ चा झकास बसतो, ५/१६ ला ८ चा चालून जातो. पेटीतल्या अख्ख्या सेटमधून दोन पाने कामाचे निघाले.

मग संध्याकाळी गावात जाऊन इंचांचे रिंग पाने घेतले, टपारियाचेच. दुकानदार म्हणाला, सातपूरचा माल आहे ताई, अमेरिकेत मिळत नाही का? मिळतो की. तिथे गेल्या उन्हाळ्यात दोनशे नगांचा लालचुटुक संच घेऊन बसले आहे, त्यातले निम्मे नग मिलिमीटरचेच आणि रॅचेट दोन महिन्यांत घसरायला लागलं.

उलट्या क्रमाने खरेदी करायची ही खोड घरातली नाही, माझीच आहे. हँगर मिळाल्याच्या आनंदात मी सगळ्यात आधी एक जुना सोफा आणला, मग छोटा फ्रिज, मग भिंतीवरचं घड्याळ. शेजारच्या हँगरमधले म्हातारे गृहस्थ आले, सोफ्यावर बसले, फ्रिजमधलं सरबत प्यायले आणि म्हणाले, छान आहे, पण शिडी कुठे आहे? सेस्नाचे पंख डोक्याच्या वर असतात. टाकीत पेट्रोल किती आहे हे काट्यावर विश्वास न ठेवता झाकण उघडून पट्टीने मोजायचं असतं, आणि माझ्याकडे चढायला काही नव्हतं. त्या दिवशी मी फ्रिजवर चढले. दुसऱ्या दिवशी घडीची शिडी आणली.

आई, हँगर म्हणजे काय ते तुला सांगायला द्राक्षांशिवाय दुसरं उदाहरण नको. दिंडोरीत मामा गारांच्या भीतीने बागेवर प्लॅस्टिक ओढतो, तसंच आहे. कॅन्ससमध्येही गारा पडतात, आणि विमानाचा पत्रा डब्याच्या झाकणासारखा पातळ. एका गारपिटीत पंख ठेचून निघतात. सुरुवातीला हँगर नव्हता, माझ्या पुढे चौदा जणांची रांग होती, म्हणून विमान उघड्यावर दोन पंख आणि शेपूट अशा तीन दोरांनी जमिनीला बांधून ठेवलं होतं. जूनमध्ये एका संध्याकाळी आभाळ हिरवट झालं आणि मी मामासारखीच धावत सुटले. त्याच म्हाताऱ्या गृहस्थांनी आपली गाडी बाहेर काढून माझं विमान आत घेतलं. त्यांच्या गाडीची काच फुटली. पैसे घेतले नाहीत. मी चिवडा दिला.

आता माझा स्वतःचा आहे, भाड्याचा. आकार इंग्रजी टी सारखा, पुढे पंखांएवढा रुंद, मागे शेपटीएवढा अरुंद. बुटांच्या खोक्यात जोडा कसा उलटसुलट बसतो, तसे हे हँगर एकमेकांत बसवलेले असतात. दार चाळीस फुटांचं, पंख सुमारे तेहतीस. ऐकायला भरपूर जागा वाटते, पण पाचशे किलोचं विमान एकटीने मागे ढकलताना दोन्ही टोकांकडे एकदम बघता येत नाही. म्हणून जमिनीवर पुढच्या चाकासाठी पिवळी रेघ मारली आणि जिथे थांबायचं तिथे आडवी रेघ. बाबा, ही कारखान्यात तुमच्या शॉपमधल्या पिवळ्या पट्ट्यांची नक्कल. एकदाच मुलांना बघायला सोडलं होतं, तेव्हा 'पट्टीच्या आत पाय ठेवायचा नाही' म्हणून दरडावलं होतंत.

ढकलायला पुढच्या चाकाला एक दांडा अडकवतात, टो-बार. काम झालं की तो लगेच काढायचा. राहिला आणि इंजिन सुरू केलं तर पंखा त्याच्यावर आपटतो. पंखा जातो, आणि इंजिन पूर्ण उघडून तपासावं लागतं. दरवर्षी कोणी ना कोणी हे करतंच. मला शिकवणाऱ्याने हे तीनदा बजावलं आणि तिन्ही वेळा मला तुमचा आवाज ऐकू आला: लेथच्या चकची (काम पकडणाऱ्या जबड्याची) चावी हातातून सुटली तर ती खिळ्यावरच दिसली पाहिजे, चकमध्ये नाही. मी टो-बारसाठी दाराशीच खिळा ठोकला आहे. खिळा रिकामा दिसला तर विमानात बसत नाही.

तिकडचा एक नियम तुम्हाला आवडेल. लायसन्स असलेल्या मालकाला तीसेक बारीकसारीक कामं स्वतः करायची परवानगी आहे: तेल बदलणं, टायर, प्लग साफ करणं, बॅटरी, दिवे, सेफ्टी वायर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून पिळून बांधायची तार). वर्षातून एकदा मात्र अधिकार असलेला मेकॅनिक सगळं उघडून बघतो. आणि मी केलेल्या प्रत्येक कामाची तारखेसकट लॉगबुकात नोंद आणि खाली सही.

इंजिन कॉन्टिनेंटलचं, १०० हॉर्सपॉवर, चार सिलिंडर. प्लग मात्र आठ, कारण प्रत्येक सिलिंडरला दोन, प्लगला ठिणगी देणाऱ्या दोन वेगळ्या मॅग्नेटोंवर. एक मॅग्नेटो बंद पडला तरी दुसऱ्यावर चालतं (आई, हे तुझ्यासाठी). तेल साधारण साडेपाच लिटर, दर ५० तासांनी फिल्टरसकट बदलायचं. काढलेला फिल्टर फेकायचा नाही, कापून उघडायचा, आतल्या कागदाच्या चुण्या पसरायच्या आणि डाळीतले खडे निवडावेत तसा धातूचा कीस शोधायचा. लोहचुंबकाला चिकटला तर पोलाद, नाही चिकटला तर ॲल्युमिनियम किंवा आणखी काही. पहिल्यांदा मी फिल्टर करवतीने कापायला घेतला. तुम्ही असतात तर हात धरला असतात. करवतीचाच कीस आत पडला, आणि इंजिनाचा कुठला नि करवतीचा कुठला हे कळेना. डब्याची कड कीस न पाडता कापणारं एक चक्रीचं हत्यार मिळतं, ते आता आहे.

बाकीचं सामान भराभर सांगते. कसारा घाटात ट्रकचे क्लिनर लावतात तसे चाकांचे लाकडी ठोकळे. खाली तेल टिपायला परात. तेलकट चिंध्यांना झाकणाचा पत्र्याचा डबा. हवेचा छोटा कॉम्प्रेसर. दाराजवळ आग विझवायचा सिलिंडर, कारण आत कोपऱ्यात ठेवला तर आगीतून जाऊन आणावा लागेल. तोही वायूचा, कारण नेहमीची पिवळी पावडर सांध्यांत बसली की ॲल्युमिनियम खाते. उंदरांसाठी सापळे. उंदीर पंखात घरटं करतात आणि त्यांच्या मुतानेही पत्रा गंजतो. जमीन मी रोज झाडते, पडलेला एक नटसुद्धा पंख्याच्या वाऱ्याने उडतो.

आणि आई, एक वस्तू मी सोफ्याच्याही आधी घेतली होती, ती हँगरमध्ये नाही, विमानात असते. या विमानाचा हीटर म्हणजे सायलेन्सरभोवती फिरवून आत घेतलेली गरम हवा. सायलेन्सरला चीर गेली तर त्यातून विषारी वायू आत येतो, वास येत नाही, नुसती झोप येते. थंडीत दारं लावून शेगडी पेटवतात आणि सकाळी पेपरात बातमी येते, तोच वायू. त्याचा गजर माझ्यासमोर लावलेला आहे. नुसत्या अंदाजावर मी उडत नाही.

तुझ्याकडून मला दोन गोष्टी हव्यात. विमानाची पुढची काच काचेची नसते, ॲक्रिलिकची असते. कागदाने पुसली की ओरखडे पडतात आणि सूर्यासमोर काही दिसत नाही. आधी भरपूर पाणी ओतून धूळ घालवायची, मग अगदी मऊ सुती कापडाने वरून खाली पुसायची, गोल गोल नाही. तिकडे मिळणारं कुठलंही कापड तुझ्या धुऊन धुऊन विरलेल्या लुगड्यांइतकं मऊ नाही. ट्रंकेत तीन दिसली. दुसरी गोष्ट म्हणजे गोधडी, ती जाडजूड, कोपरा उसवलेली. तिकडे आत्ता शून्याच्या खूप खाली आहे. गार इंजिन तसंच सुरू केलं तर घट्ट झालेलं तेल वेळेवर पोचत नाही आणि भाग घासतात, म्हणून आधी तेलाच्या टाकीला विजेची पट्टी लावून गरम करायचं आणि इंजिनावर पांघरूण घालायचं. तयार पांघरूण मिळतं, महाग आणि दिसायला भिकार.

बाबा, तुमच्या पेटीतून मी काय नेणार ते सांगते: दोन पाने (१९ आणि ८), सेफ्टी वायर पिळायची पक्कड, दांड्याचा छोटा आरसा, लोहचुंबक आणि रबरी हातोडी. मायक्रोमीटरला हात लावलेला नाही. बाकी सगळं तेल लावून जसं होतं तसं परत ठेवलं.

आणि एक काम तुमच्यावर टाकते. मला भिंतीवर टूल बोर्ड करायचा आहे, तुमच्या शॉपमध्ये होता तसा, प्रत्येक हत्याराची काळी बाह्यरेषा काढलेला, म्हणजे घरी निघताना एका नजरेत कळतं की कुठली जागा रिकामी आहे आणि काय इंजिनात विसरलं आहे. मी स्वतः एकदा करून पाहिला, हत्यारं वाटेल तशी टांगली गेली आणि आता रोज शिडीवर चढून पक्कड काढावी लागते. प्लायवूड चार फूट बाय तीन फूट आहे. हत्यारांची यादी लांबीसकट मागच्या पानावर लिहिली आहे. गुरुवारी मी येईपर्यंत मांडणी कागदावर काढून ठेवा. काय हाताशी, काय वर, ते तुम्ही ठरवा. फक्त मी डावखुरी आहे हे लक्षात असू द्या.

तुमची,
मनू

ता. क. आई, जांभळं लुगडं घेतलेलं नाही. ट्रंकेतच आहे.