मोफत नमुन्याच्या पट्टीवर औषधाचे नाव व मुदत वाचता न आल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

माझी आई ७४ वर्षांची आहे. रक्तदाबासाठी ती रोज अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची गोळी घेत होती. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी गोळी बदलली आणि सुरुवातीला तुमच्या कंपनीच्या नव्या गोळीचा मोफत नमुना दिला, दहाच्या पट्टीतल्या पाच गोळ्या कातरून. जुनी बंद करा, असे त्यांनी बजावले होते. आई विसरली आणि दोन्ही घेत राहिली. यात तुमचा दोष नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ती घेरी येऊन मोरीच्या दाराशी बसली. रक्तदाब खूप उतरला होता. इस्पितळात ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी विचारले, "नवीन गोळी कोणती?" मी पट्टी पुढे केली. त्यांना वाचता येईना, मलाही येईना. ब्रँडचे नाव ठळक, खालचे औषधाचे नाव अगदी बारीक, आणि नेमके त्याच्यावरच लाल शाईत ‘फिजिशियन्स सॅम्पल, नॉट टू बी सोल्ड’ छापलेले. शेवटी आमच्या डॉक्टरांना फोन लावल्यावर कळले की त्यात टेल्मिसार्टन ४० या रक्तदाबाच्या दुसऱ्या औषधाबरोबर अम्लोडिपिन ५ आहेच. म्हणजे आई चार दिवस दुप्पट अम्लोडिपिन घेत होती. बॅच नंबर आणि मुदत पट्टीच्या दुसऱ्या टोकाला. ते टोक दवाखान्यातच राहिले होते.

नमुन्यावर ‘विक्रीसाठी नाही’ छापणे सक्तीचे आहे, हे मी जाणते. पण औषध नियम १९४५ मधल्या ज्या ९६ व्या नियमाने ती सक्ती केली, त्यानेच लेबलवरचे बाकीचे तपशीलही नमुन्याला लागू केले आहेत. २०१८ च्या दुरुस्तीनंतर तर अशा दोन औषधांच्या गोळीवर औषधाचे नाव ब्रँडपेक्षा किमान दोन फाँट-आकारांनी मोठे हवे. तुमच्या पट्टीवर उलटे आहे. शिवाय औषध कंपन्यांसाठीच्या २०२४ च्या विपणन संहितेत नमुन्याचे एक पाकीट जास्तीत जास्त तीन रुग्णांपुरते धरले आहे. मग पट्टी कातरून वाटली जाणार, हे तुम्हाला आधीच ठाऊक असायला हवे.

दुकानातून औषध घेतले की हातात बिल असते, त्यावर बॅच आणि मुदत असते, शंका आली तर विचारायला फार्मासिस्ट असतो. नमुना घेणाऱ्याकडे फक्त ते लेबल असते.

म्हणून नमुन्याच्या पट्टीत प्रत्येक गोळीमागे औषधाचे नाव, मात्रा, बॅच आणि मुदत छापा, आणि लाल अक्षरे नावावरून हलवा. सोबत मराठीत चार ओळींची चिठ्ठी दिलीत तर आईसारखी माणसे ती स्वतः वाचतील.

पट्टीचे दोन्ही बाजूंचे फोटो जोडले आहेत. या त्रासाची नोंद तुमच्या औषध-सुरक्षा विभागात करून तिचा क्रमांक मला कळवावा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर हेच पत्र फोटोंसह अन्न व औषध प्रशासनाच्या सातारा कार्यालयात देईन. उरलेली एक गोळी मी तपासणीसाठी जपून ठेवली आहे.

आपली,
रुग्णाची मुलगी, सातारा