माणसं बदलतात की पिढ्या: ताईला पत्र

ती. ताईस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या अभ्यासगटाने मूल्यबदलावर पाहणी करायचं ठरवलंय, आणि बाबा म्हणतात की पाहणी कशाला हवी, माणसं बदललीत हे डोळ्यांना दिसतंच आहे. हे पत्र त्यांनाही वाचून दाखव. त्यांचं निरीक्षण खोटं नाही. पण "माणसं बदलली" असं आपण म्हणतो तेव्हा त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. माणसाला स्वतःला काय वाटतं, ही एक. इतरांना काय वाटत असेल असा त्याचा अंदाज, ही दुसरी. आणि प्रत्यक्षात तो काय करतो, ही तिसरी. या तिघींचा वेग सारखा नसतो. पाहणीत त्यांची सरमिसळ झाली, तर हाती आलेल्या आकड्यांचा काहीही अर्थ लावता येतो.

पहिली गोष्ट मोजण्यासाठी सगळ्यांत जास्त वापरला गेलेला प्रश्न रोनाल्ड इंगलहार्ट या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाचा. पश्चिम युरोपातल्या पाहण्यांवरचा त्यांचा पहिला निबंध १९७१ चा. प्रश्न असा: देशापुढची चार उद्दिष्टं दाखवायची. सुव्यवस्था राखणं, सरकारच्या महत्त्वाच्या निर्णयांत लोकांचं म्हणणं जास्त ऐकलं जाणं, महागाईशी लढणं आणि बोलण्याचं स्वातंत्र्य जपणं. यातलं सर्वांत महत्त्वाचं कोणतं आणि त्याखालोखाल कोणतं, एवढंच विचारायचं. सुव्यवस्था आणि महागाई ही जोडी निवडणारा एका टोकाला, लोकांचं म्हणणं आणि स्वातंत्र्य निवडणारा दुसऱ्या टोकाला, बाकीचे मधले.

निवड करायला लावण्यात मोठं शहाणपण आहे. तेच चार मुद्दे एकेक करून "हे तुम्हाला महत्त्वाचं वाटतं का?" असे विचारले, तर बहुतेक जण चारही वेळा हो म्हणतात आणि हाती काहीच लागत नाही. मूल्य दिसतं ते दोन चांगल्या गोष्टींपैकी एक सोडावी लागते तेव्हा. तुमच्या प्रश्नावलीच्या मसुद्यात पाचांपैकी गुण द्यायचे प्रश्न फार आहेत, ते कमी करा.

इंगलहार्टांची मांडणी दोन गृहीतकांवर उभी आहे. जे कमी मिळतं त्याला माणूस मोल देतो, हे पहिलं. आणि वाढत्या वयात जे कमी मिळालं त्याची छाप आयुष्यभर राहते, हे दुसरं. म्हणून युद्धाच्या आणि टंचाईच्या काळात वाढलेले लोक पुढे सुबत्ता आली तरी सुव्यवस्थेला आणि भावांना धरून राहतात, आणि त्यांची सुबत्तेत वाढलेली मुलं वेगळं निवडतात.

आता बाबा विचारतील, तरुणपणी सगळेच असे असतात, वय वाढलं की आपोआप ताळ्यावर येतात, त्याचं काय? शंका अगदी रास्त आहे आणि एका पाहणीने ती मुळीच फिटत नाही. चालू वर्षातून वय वजा केलं की जन्मवर्ष मिळतं. म्हणजे एकाच वेळी घेतलेल्या पाहणीत "तरुण आहे म्हणून" आणि "अमुक काळात जन्मला म्हणून" हे दोन परिणाम वेगळे काढता येत नाहीत. त्यासाठी तोच प्रश्न, त्याच शब्दांत, वर्षानुवर्षं विचारावा लागतो आणि एकेका जन्मतुकडीचा माग ठेवावा लागतो. पश्चिम युरोपात तसा ठेवला गेला. महागाई भडकली की सगळ्याच तुकड्या एकदम भावांकडे झुकतात, ती ओसरली की परत फिरतात. पण दोन तुकड्यांमधलं अंतर बरंचसं टिकून राहतं. तरुण तुकडी चाळिशीत आली म्हणून आईवडिलांसारखी झाली नाही.

याच प्रश्नात एक खोटही आहे. चार पर्यायांत महागाई आहे, बेकारी नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे भाव थंडावले आणि बेकारी वाढली. नोकरीची काळजी असलेल्या माणसाला त्या यादीत आपली काळजीच सापडेना, मग त्याने दुसरंच काहीतरी निवडलं. आकड्यांत मात्र तो स्वातंत्र्याकडे सरकल्यासारखा दिसला. क्लार्क आणि दत्त या अभ्यासकांनी १९९१ मध्ये हा आक्षेप दाखवून दिला. उत्तर देणाऱ्याच्या मनात जे आहे ते पर्यायांत नसेल, तर तो खोटं न बोलताही तुम्हाला चुकीचं उत्तर देतो.

पिढ्या बदलण्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. समजा एखाद्या गोष्टीला जाणाऱ्या पिढीतल्या १०० पैकी २० जणांचा होकार आहे आणि येणाऱ्या पिढीतल्या ७० जणांचा. दरवर्षी प्रौढांपैकी साधारण दीड टक्का लोक जातात आणि तेवढेच नवे येतात असं धरू. ५० चा फरक गुणिले दीड टक्का, म्हणजे वर्षाला पाऊण टक्का. २० वर्षांत १५ टक्के. यात एकाही माणसाचं मत बदललेलं नाही! समाज बदलला, माणसं होती तिथेच राहिली. याउलट एखादा आकडा वर्षाला दोन-तीन टक्क्यांनी हलत असेल, तर नुसत्या पिढीबदलाने त्याचा उलगडा होत नाही. तिथे दुसरी गोष्ट शोधायची.

दुसरी गोष्ट म्हणजे इतरांबद्दलचा अंदाज, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त दुर्लक्ष तिच्याकडेच होतं. चीनमध्ये पाय लहान राहावेत म्हणून मुलींचे पाय घट्ट बांधण्याची चाल शतकानुशतकं टिकली. अनेक आईबापांना ती नकोशी होती, पण एकट्याने सोडली तर मुलीचं लग्न कसं होणार? मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शपथ घेणाऱ्या सभा निघाल्या. शपथेचे भाग दोन: मुलीचे पाय बांधणार नाही, आणि मुलासाठी पाय बांधलेली सून करणार नाही. सगळं बळ दुसऱ्या भागात होतं, कारण त्यामुळे न बांधलेल्या पायांच्या मुलींना त्याच सभेतली घरं मिळत होती. पेकिंगच्या दक्षिणेला असलेल्या तिंगश्येन या ग्रामीण भागाची नोंद अशी की पाय बांधलेल्या मुलींचं प्रमाण १८८९ मध्ये ९९ टक्के, १८९९ मध्ये ९४ टक्के आणि १९१९ मध्ये शून्य. दहा वर्षांत जेमतेम पाच टक्के आणि पुढच्या वीस वर्षांत बाकीचं सगळं.

अलीकडचं उदाहरण सौदी अरेबियातलं. बुर्श्टिन, गोन्झालेझ आणि यानागिझावा-ड्रॉट या अर्थशास्त्रज्ञांनी रियाधमध्ये ५०० विवाहित तरुणांना तिसाच्या आसपासच्या गटांत बोलावलं. स्त्रियांना घराबाहेर काम करू द्यावं का, हे प्रत्येकाला खाजगीत विचारलं. मोठ्या बहुमताने होकार आला. मग विचारलं, या खोलीतले इतर किती जण हो म्हणाले असतील? बहुतेकांनी आकडा कमी सांगितला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून अर्ध्या लोकांना खरा आकडा दाखवला, अर्ध्यांना नाही. तीन ते पाच महिन्यांनी पाहिलं, तर आकडा न कळलेल्यांपैकी ६ टक्के घरांत बायकोने बाहेरच्या कामासाठी अर्ज केला होता, आणि कळलेल्यांपैकी १६ टक्के घरांत. पुरुषांचं मत आधीच तयार होतं. अडलं होतं ते शेजाऱ्याबद्दलच्या चुकीच्या अंदाजावर.

कायद्याकडे वळताना बाबांना दोन उदाहरणं मुद्दाम सांग, कारण "आधी समाज तयार व्हावा, मग कायदा" असं ते नेहमी म्हणतात. अमेरिकेत गोऱ्या आणि काळ्यांच्या आपसांतल्या विवाहावरच्या बंद्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये उठवल्या. गॅलप या मतपाहणी संस्थेच्या पाहणीत असे विवाह मान्य असणारे १९५८ मध्ये ४ टक्के होते, निकालाच्या पुढच्या वर्षी २० टक्के, २०२१ मध्ये ९४. तिथे कायदा लोकमताच्या कितीतरी पुढे होता. आयर्लंडमध्ये वेगळं घडलं. घटनेतली घटस्फोटबंदी उठवायला १९८६ च्या सार्वमतात ६३.५ टक्क्यांनी नकार दिला, आणि १९९५ मध्ये तीच बंदी ५०.२८ टक्के मतांनी उठली. फरक अवघा ९,११४ मतांचा. नऊ वर्षांत जवळपास १४ टक्क्यांची हालचाल पिढीबदलाच्या हिशेबात बसत नाही. १९८६ ची मोहीम सुरू झाली तेव्हा पाहण्यांत बहुमत बदलाच्या बाजूनेच होतं. ते घसरलं मालमत्तेच्या प्रश्नावर: पहिल्या बायकोचं घर, शेती, वारसा यांचं काय, याला सरकारकडे पक्कं उत्तर नव्हतं. पुढच्या काळात विभक्त जोडप्यांच्या मालमत्तेचे कायदे झाले आणि मग पुन्हा मत घेतलं गेलं. लोक "नको" म्हणतात तेव्हा त्यांना तत्त्व नको असतं की त्यापुढची व्यवस्था अपुरी वाटते, हे वेगळं विचारल्याशिवाय कळत नाही. तुमच्या प्रश्नावलीत "का नको?" हा एक उघडा प्रश्न हवाच.

आता पैशाचं. मूल्य आणि किंमत एकमेकांना ढकलतात, ते सगळ्यांत स्वच्छ दिसलं इस्रायलच्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत. ग्नीझी आणि रुस्तिकीनी या अर्थशास्त्रज्ञांनी १० पाळणाघरांवर २० आठवडे नजर ठेवली. मुलांना न्यायला आईबाप उशिरा येतात, ही अडचण. पहिले चार आठवडे नुसती मोजणी केली. पाचव्या आठवड्यापासून सहा ठिकाणी दहा मिनिटांपेक्षा जास्त उशिराला १० शेकेल दंड लावला. उशिरा येणारे कमी झाले नाहीत, वाढत वाढत सुमारे दुप्पट झाले. आधी उशीर झाला की शिक्षिकेपुढे ओशाळायला व्हायचं. दंड आल्यावर तो जादा वेळेचा दर झाला आणि ओशाळणं संपलं. सतराव्या आठवड्यात दंड काढून टाकला, तरी आकडा खाली आला नाही. सार्वजनिक कामात दंड किंवा बक्षीस लावणाऱ्यांनी हा शेवटचा भाग पुन्हा पुन्हा वाचावा असं मला फार वाटतं. दंड मागे घेता येतो, पण गेलेली भीड परत आणता येत नाही.

अर्थव्यवस्थेवर सगळ्यांत खोल परिणाम असतो तो अनोळखी माणसावरच्या विश्वासाचा. १९८१ पासून चाललेल्या जागतिक मूल्य सर्वेक्षणात एक प्रश्न ठरलेला आहे: बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो, की लोकांशी वागताना फार जपून राहावं लागतं? नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये १०० पैकी ७० च्या आसपास लोक विश्वासाच्या बाजूचे, तर कोलंबियात १० सुद्धा नाहीत. विश्वास कमी तिथे प्रत्येक व्यवहाराला जामीन, आगाऊ रक्कम, पहारा आणि वकील लागतो, आणि धंदा नात्यागोत्याबाहेर वाढत नाही. नॅक आणि कीफर या अभ्यासकांनी १९९७ मध्ये २९ देशांची तुलना केली, त्यात विश्वास जास्त तिथे आर्थिक कामगिरीही सरस दिसली. मंडळं आणि संस्थांचं सभासदत्व मात्र तसं काही दाखवत नव्हतं.

इथेही शब्दांत खाच आहे. "बहुतेक लोक" म्हटल्यावर एकाच्या डोळ्यांसमोर सगळं जग येतं, दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर आपला गाव आणि पाहुणे. चीनमध्ये हे वर्तुळ लहान असतं, म्हणून तिथला मोठा आकडा फसवा ठरतो. त्यामुळे नंतरच्या फेऱ्यांत कुटुंब, शेजारी, ओळखीचे, पहिल्यांदा भेटलेले, वेगळ्या धर्माचे आणि वेगळ्या देशाचे असे सहा प्रश्न वेगळे केले. तुम्हीही तेच करा.

आणि "मूल्यांमुळे भरभराट झाली" असं विधान कोणी केलं, तर घाई करू नका. मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०४-०५ मध्ये प्रोटेस्टंट श्रद्धेचा संबंध भांडवलशाहीच्या वृत्तीशी जोडला. शंभर वर्षांनी, २००९ मध्ये, बेकर आणि व्हेसमान या अर्थशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातल्या प्रशिया या जर्मन राज्याच्या जिल्ह्यांची आकडेवारी तपासली. प्रोटेस्टंट जिल्हे पुढे होते, पण ते साक्षरही जास्त होते, आणि साक्षरता हिशेबात धरली की आर्थिक फरकाचा बहुतेक भाग तिच्याच खात्यावर जात होता. बायबल स्वतः वाचावं या आग्रहातून शाळा आल्या आणि शाळांतून उत्पन्न. मूल्य होतंच, पण त्याचा हात शाळेतून पोचला.

तुमच्या पाहणीचं थोडं बोलते. ४०० लोक खऱ्या अर्थाने चिठ्ठ्या टाकून निवडलेत, तर आकडा पाच टक्के इकडे-तिकडे होईल. १०० घेतलेत तर दहा टक्के. चूक निम्मी करायला माणसं चौपट लागतात, म्हणून ४०० वर थांबा आणि उरलेली ताकद निवड नीट करण्यात घाला. दुपारी दार उघडेल त्याला विचारू नका, कारण दुपारी घरी असणारे लोक एका विशिष्ट प्रकारचेच असतात. घरातल्या ज्या प्रौढाचा वाढदिवस सर्वांत आधी येतो त्याला विचारायचं, तो नसेल तर पुन्हा जायचं. उत्तरं देताना सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असेल, तर तशी खूण कागदावर करा आणि ते कागद नंतर वेगळे काढून बघा.

प्रत्येक विषयाला तीन प्रश्न ठेवा, याच क्रमाने: तुम्हाला काय वाटतं, तुमच्या भागातल्या १०० पैकी किती जणांना तसंच वाटत असेल, गेल्या वर्षभरात तुमच्या घरी प्रत्यक्षात काय झालं. दुसरा प्रश्न पहिल्याच्या आधी विचारू नका, नाहीतर माणूस आपलं उत्तर गर्दीला जुळवून घेतो.

नाजूक विषयाला सरळ विचारूच नका. अर्ध्या लोकांना तीन साधी विधानं द्या, उरलेल्यांना तीच तीन अधिक नाजूक चौथं, आणि कोणती पटतात ते न सांगता फक्त किती पटतात तेवढं सांगायला लावा. पहिल्या गटाची सरासरी १.८ आणि दुसऱ्याची २.१ आली, तर चौथं विधान सुमारे ३० टक्क्यांना पटतं. मात्र या पद्धतीत चूक बरीच मोठी असते, त्यामुळे ४०० माणसांत असा एकच विषय घ्या आणि त्यातून बारीक निष्कर्ष काढू नका.

खऱ्या कामाला लागण्याआधी वीस जणांवर प्रश्न करून पाहा, आणि उत्तर दिल्यावर प्रत्येकाला विचारा की प्रश्न ऐकून तुम्हाला काय समजलं. ते वीस कागद आणि सुधारलेला मसुदा मला पाठव. कोणता शब्द अडखळवतोय ते पाहून लगेच कळवते.

आई-बाबांना सा. नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझी,
धाकटी