जपानचे नुसते बोर्डच आणले का?

मा. संपादक, स.न.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत हल्ली कुठल्याबी कारखान्यात जावा, भिंतीवर 'कायझेन' (रोज थोडी थोडी सुधारणा) नाहीतर 'फाइव्ह एस' (जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत) या जपानी पद्धतींचा बोर्ड असतोच. मालक लोकांना जपान लई आवडतो. वेळ पाळा, जागा साफ ठेवा, कंपनीला आपली माना, हे सगळं तिथनं आलं, पण कामगाराच्या हातात तिथं काय दिलंय ते आणायचं तेवढं राहिलं बघा.

टोयोटात लाइनवरचा साधा कामगारसुद्धा काही चुकीचं दिसलं की दोरी ओढतो, लाइट लागते, टीम लीडर धावत येतो, आणि गाडी पुढच्या खुणेपर्यंत जाईस्तोवर नाहीच जमलं तर लाइन थांबते, त्याबद्दल त्याला कुणी झापत नाही. आणि ही कल्पना आली कुठून तर मागावरून! टोयोटा ज्यांच्या घराण्याची, त्या साकिची टोयोडांनी १९२४ ला काढलेला माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. म्हणजे ही गोष्ट सोलापूरला तरी समजावून सांगायची गरज नाही.

आपल्याकडं जुन्या मागावर टॉवेल विणताना ताणा (उभा धागा) तुटला तर बांधायला माग बंद करावा लागतो, पगार नगावर, म्हणजे बंद केला तर नग कमी भरणार आणि तसाच चालवला तर डाग पडला म्हणून पैसे कापणार. मी जिथं काम केलं तिथं हेच चालायचं, वर 'सूचना पेटी' होती, तिला कुलूप, किल्ली कुणाकडं ते देवाला ठाऊक.

जपान म्हणजे स्वर्ग नव्हे हेही लिहितो. टोयोटातच १९५० ला कपात झाली, संप झाला, कंपनीचे अध्यक्ष, साकिचींचा मुलगा किइचिरो टोयोडांनी स्वतः राजीनामा दिला, नोकरीची हमी वगैरे त्या भांडणानंतर पक्की झाली, फुकट कुणी दिली नाही. आज तिथंही तीनातल्या एकापेक्षा जास्त नोकरदार कंत्राटी नाहीतर पार्टटाइम आहेत, त्यांना कसली आलीय हमी. जादा कामानं माणसं मेली तेव्हा कुठं २०१९ पासून मोठ्या कंपन्यांना ओव्हरटाइमची मर्यादा लागली, महिन्याला ४५ तास, आणि तीही घाईच्या महिन्यात वाढवता येतेच.

मालक संघटनेला एकच विचारायचंय, धागा बांधायला माग बंद ठेवला तर तेवढ्या वेळाचे पैसे देणार का? एका शेडमध्ये महिनाभर करून बघा, डागाचा माल किती कमी होतो ते तुमच्याच वहीत दिसंल.

एक यंत्रमाग कामगार, पूर्व भाग, सोलापूर