उताराचं मैदान

प्रिय कप्तान,

सात महिने झाले, माझं पत्र नाही. मध्ये दोनदा तुझा फोन आला, दोन्ही वेळा 'रात्री निवांत करते' म्हटलं आणि केला नाही. रागावली असशील तर हक्क आहे तुझा, पण हे शेवटपर्यंत वाच. जे झालंय ते इथं कुणाला सांगावं तर म्हणतील, 'पोरांचा खेळ तो, एवढं काय मनाला लावून घेतेस!' तू तसं म्हणणार नाहीस. उताराचं मैदान तू पाहिलंयस.

गुडघा बरा आहे. आईचं बीपी गोळीवर आहे. बाकी ठीक.

यंदा माझ्याकडे चौथी आहे आणि मी त्यांना फुटबॉलमधून जग शिकवतेय. 'न्याय' हा शब्द नऊ वर्षांच्या मुलांसमोर नुसता उच्चारला की ती खिडकीबाहेर बघतात. चेंडू टेबलावर ठेवला की सगळी पुढे सरकतात. म्हणून पहिल्या दिवशी चेंडूच शिवायला घेतला. जुन्या पद्धतीच्या चेंडूत 32 तुकडे असतात, 20 षटकोन आणि 12 पंचकोन. ते जाड कागदाचे कापले, कडांना भोकं पाडली आणि लोकरीनं जोडायला दिले. दोन तासांत एकाही गटाचा चेंडू बंद झाला नाही. बोटं दुखायला लागली तेव्हा पाकिस्तानातल्या सियालकोटची गोष्ट सांगितली: जगभरातली मुलं ज्या चेंडूंनी खेळत होती, त्यातले कितीतरी तिथं घराघरांत हातानं शिवले जात, आणि शिवणाऱ्यांत यांच्याएवढी मुलंही असत. मग फेब्रुवारी 1997मध्ये अटलांटात कारखानदार, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्यात करार झाला. मुलांना या कामातून बाहेर काढायचं आणि शिवणकाम घरातून उचलून देखरेख ठेवता येईल अशा केंद्रांत न्यायचं असं ठरलं.

मी तिथंच थांबणार होते. गोड शेवट होता ना! पण मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "बाई, मग घरी शिवणाऱ्या त्यांच्या आयांचं काय झालं?" खोटं कसं बोलू? सांगितलं, घरचं सगळं सांभाळून केंद्रात जाणं अनेकींना जमलं नाही, त्यांचं काम गेलं. वर्ग गप्प. मग एक म्हणाली, "म्हणजे चांगलं केलं तरी कुणाचं तरी वाईट झालं." मी तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला आणि आठवडाभर पुसला नाही. एवढा चांगला तास मी आयुष्यात घेतला नव्हता, कप्तान. त्याच भरात पुढचं घडलं.

(मध्येच एक, तुला आवडेल म्हणून. इंग्लंडच्या बायकांची गोष्टही सांगितली. 1920च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना बघायला 53,000 माणसं आली, आणि पुढच्याच डिसेंबरात तिथल्या फुटबॉल संघटनेनं हा खेळ बायकांना शोभत नाही म्हणून आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. ती बंदी उठायला जवळजवळ 50 वर्षं गेली. वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा तावातावानं उभा राहिला, "पण बाई, लोक तर येत होते ना!" तुझी आठवण झाली. तुझ्या शिट्टीनं शेजारच्या कॉलेजचा तास सुटायचा, ती शिट्टी तेव्हा गुडिसन पार्कवर असती तर संघटनेची काय बिशाद होती!)

तर उतार. शाळेचं मैदान एका बाजूला कललेलं आहे, चेंडू सोडला की आपोआप गडगडतो. मला वाटलं, हाच धडा. चिठ्ठ्या टाकल्या, 'वरचे' आणि 'खालचे'. आपण कुठं जन्मतो ते कुणी विचारून ठरवत नाही, तशी चिठ्ठी. वरच्यांनी उताराकडे गोल करायचे आणि त्यांच्यासमोरचा गोल रुंद. खालच्यांनी चढावर खेळायचं, गोल अरुंद, आणि चेंडू रेषेबाहेर गेला की थ्रो कायम वरच्यांचा. बारा मिनिटांनी बाजू बदलायच्या. मग गोलाकार बसायचं आणि कसं वाटलं ते बोलायचं. मनात सगळं नीट मांडलं होतं.

चिठ्ठ्या, रेषा, खांब, यातच वेळ गेला. बारा मिनिटं झाली, 5–0 झालं आणि घंटा झाली. तास संपला. बाजू बदलल्याच नाहीत. वर्गात आल्यावर फळ्यावर 5–0 कुणी लिहिलं असेल? मीच लिहिलं, उद्या पुढं खेळायचं तर आठवण राहावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, चला, आता बाजू बदला. वरच्यांचा म्होरक्या उभा राहिला. उद्धट नाही हो, अगदी शांतपणे म्हणाला, "बाई, सामना काल संपला. तुम्हीच फळ्यावर लिहिलंय. आणि नियमही तुम्हीच केले होते." बाकीचे मान हलवायला लागले. काल चिठ्ठीनं वर गेलेली तीच मुलं गं! एका रात्रीत त्यांना वाटायला लागलं की ते पाच गोल त्यांच्या पायांचे आहेत.

आणि खालच्यांची गोलकीपर, एरवी मधल्या सुट्टीत सगळ्यात आधी चेंडू मागायला येणारी, ती त्या दिवशी आलीच नाही. बाकावर डोकं ठेवून बसली. विचारलं तर म्हणे, "काही नाही." तेवढ्यानं माझा जीव कासावीस झाला. बारा मिनिटं अन्याय सोसायला लावायचा आणि मग समजावून सांगायचं, असा माझा बेत. समजावणं राहिलं, सोसणं तेवढं तिच्या वाट्याला आलं. एका मुलाला धडा मिळावा म्हणून दुसऱ्या मुलीला मी धडा केलं का? तूच सांग. हे मला तीन रात्री झोपू देत नाहीये.

आता कळलं ना तुलाच का लिहितेय. अध्यापक विद्यालयातला तो सामना. मध्यंतरापर्यंत आपण उताराकडे खेळलो, 3–0 झालं आणि पाऊस आला. मोठ्या सरांनी आपल्याला विजयी केलं आणि तू कप घेतलास. मी सगळ्यांसमोर तुला चोर म्हटलं. तू म्हणालीस, "पाऊस मी पाडला का?" त्यावर पुढचं अख्खं सत्र आपण बोललो नाही, एका खोलीत राहून! तो कप घ्यायला नकोच होता, हे मी आजही म्हणते. पण तुला चोर म्हणाले ते चुकलं. पाऊस तू पाडला नव्हतास, आणि घंटा मी वाजवली नव्हती. इतक्या वर्षांनी लिहितेय, माफ कर.

जबरदस्तीनं बाजू बदलायला लावता आल्या असत्या. बाईंचा शब्द कोण मोडतं? पण मग मीच उतार झाले असते. म्हणून मेडेलिनची युक्ती काढली. कोलंबियातल्या या शहरात 1990च्या दशकात तरुण पोरांनी हिंसाचार सोडून एकत्र यावं म्हणून एक फुटबॉल सुरू झाला. मुलं-मुली एकाच संघात, पंच नाही. आज तो खेळ तीन भागांत खेळतात: आधी बसून नियम ठरवायचे, मग खेळायचं, मग पुन्हा बसून एकमेकांच्या वागण्याला गुण द्यायचे. 1994च्या विश्वचषकात स्वतःच्याच संघावर गोल झाला आणि परतल्यावर आन्द्रेस एस्कोबारला गोळ्या घातल्या, तेही याच शहरात. हे मुलांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? नऊ वर्षांच्या मुलांना किती सांगावं याचा अंदाज माझ्यापेक्षा तुला नेहमी चांगला होता.

काल चेंडू कपाटात ठेवून सगळे झाडाखाली बसलो. पाऊण तास भांडण. वरचे म्हणाले, 5–0 राहू दे, मग बाजू बदलतो. खालचे म्हणाले, पुसा. तेवढ्यात गोलकीपर उठली, काही न बोलता दोन्ही गोलांचे खांब उपटले आणि मैदानाच्या आडव्या बाजूंना नेऊन रोवले. आता उतार कुणाच्याच गोलाकडे जात नाही, दोघांच्याही डाव्या-उजव्या हाताला जातो. म्हणाली, "मला त्यांचा उतार नकोय."

मी जागच्या जागी उभी राहिले. एवढ्या चर्चांत मला हे सुचलं नव्हतं, आणि मोठ्या सरांनाही नव्हतं.

पण 5–0 अजून फळ्यावर आहे. म्होरक्या पुसू देत नाही, आणि पुसायचं की नाही ते मी ठरवणार नाही असं कबूल करून बसलेय. शनिवारी सकाळी पुन्हा बसायचंय, मग खेळ.

तुझी बदली झाली म्हणे? धाकटीची परीक्षा कशी गेली? घराचं काम संपलं का, की अजून गवंडीच येतायत? सविस्तर लिही, मी असं दोन ओळींत उरकतेय त्याचं वाईट वाटतंय.

शनिवारी येशील? पंच म्हणून नाही, नुसती झाडाखाली बसायला. आणि तो कप अजून तुझ्याकडे असेल तर घेऊन ये.

तुझी,
डावी विंग