मंजे, शेवटी सुया मलाच टोचल्या

पुणे, रविवार, दुपार

प्रिय मंजे,

आधी शिव्या देऊन घे. सहा महिन्यांत तुझे चार मेसेज आले आणि मी उत्तरादाखल एक अंगठा पाठवला, तोही चुकीच्या मेसेजवर. तब्येत बरी आहे. वजन चार किलो वाढलंय, नितीन मजेत, सासूबाईंचा गुडघा होता तसाच. झालं.

आता ऐक. मी ॲक्युपंक्चर करून घेतेय. हो, मी. हसून घे पोटभर, मग पुढचं वाच.

तुला काय आठवलं ते मला इथे बसून कळतंय. एसवायला तुझ्या डोकेदुखीच्या होमिओपॅथीच्या बाटलीत मी नुसत्या साखरेच्या गोळ्या भरल्या होत्या आणि अकरा दिवस वहीत नोंदी ठेवल्या होत्या. आज दुखलं, आज नाही, आज थोडं. मग मेसमध्ये भर जेवणात ती वही सगळ्यांना वाचून दाखवली. किती हुशार वाटलं होतं स्वतःला! तू तीन आठवडे बोलली नाहीस. बोललीस तेव्हा एवढंच म्हणालीस, "पण डोकं तर थांबलं होतं ना माझं?" त्यावर मी काय म्हणाले ते आठवत नाही, म्हणजे काहीच म्हणाले नसणार. (बादली मात्र मी फोडली नव्हती. ती जाडीने फोडली. मरेपर्यंत हेच सांगणार.)

तर झालंय असं की आमचं आयव्हीएफ चालू आहे आणि दोन ट्रान्सफर, म्हणजे बाहेर तयार केलेला गर्भ आत सोडणं, फुकट गेले. आमच्या दोघांच्या रिपोर्टमध्ये काही सापडत नाही, त्यालाही डॉक्टरांकडे नाव आहे, 'अनएक्सप्लेन्ड'. कारण सापडत नाही हेच कारण. दुसऱ्या वेळचा बीटा, म्हणजे दिवस राहिले का ते सांगणारी रक्ततपासणी, मला मस्टर भरताना मोबाईलवर आला. दोनपेक्षा कमी, म्हणजे नाही. पुढच्या तासाला मी बारावीला संभाव्यता शिकवली, नाणं उडवून. आता एकच भ्रूण उरलंय, पाच दिवसांचं, फ्रीज केलेलं. ते येत्या गुरुवारी.

सुयांचा नंबर नितीनच्या मावसबहिणीने दिला. मी गेले ते वाद घालायलाच. बाईंचं घर कोथरूडला, पुढच्या खोलीत दोन खाटा, मध्ये पडदा, भिंतीवर कौन्सिलच्या नोंदणीचं सर्टिफिकेट आणि शेजारी, सांग कोण? आपले कोटणीस! तेच, ज्यांच्यावर भाषण ठोकून तू आंतरशालेयला पहिली आलीस आणि मी दुसरी. बाई म्हणाल्या, "यांनीच ही विद्या भारतात आणली." मला राहवतंय का? म्हटलं, कोटणीस १९३८ ला वैद्यकीय पथकातून चीनला गेले, १९४२ ला तिकडेच वारले, ते आणणार कसे? आणि ते तर सर्जन. त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बसू, ते १९५० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले, शिकले आणि त्यांनी इथे सुरू केलं. (त्या पाच जणांत तुमच्या नागपूरचे चोळकरही होते, हे तू भाषणात विसरली होतीस. परीक्षकांच्या लक्षात आलं नाही.) बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं, आता आडव्या व्हा."

सुई केसासारखी असते गं. टोचताना मुंगी चावल्यासारखं, आणि मग आत काहीतरी जड होत जातं, पाय झोपण्याआधी होतो तसं. घोट्याच्या आतल्या बाजूला चार बोटं वर, पोटावर, कानात, एक डोक्याच्या मधोमध. मग बाई एक जाड काडी पेटवून पोटाजवळ धरतात. ती वनस्पती दवण्याच्या कुळातली. वास आला आणि मला तुझे काका दिसले, चैत्रात जोतिबाहून आलेले, टोपीत दवणा खोचलेले. मग दिवा बंद करून त्या निघून जातात. अर्धा तास. पहिल्या दिवशी मी तिथे घोरले.

अडीच वर्षांत माझ्या अंगाला ज्याने ज्याने हात लावला त्याला काहीतरी मोजायचं होतं. फॉलिकल किती, लायनिंग किती, बीटा किती. नितीनसुद्धा रात्री प्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन देताना आधी कालची गाठ चाचपतो. बिचारा हात थरथरत देतो, पण चाचपतो. ही बाई काही मोजत नाही.

पण मी मोजलं. रात्री दोन वाजता, जुनी सवय. २००२ साली जर्मनीत १६० बायकांवर अभ्यास झाला. ट्रान्सफरच्या आधी आणि नंतर पंचवीस-पंचवीस मिनिटं सुया. सुयावाल्यांपैकी ४२.५ टक्क्यांना दिवस राहिले, बाकीच्यांपैकी २६.३. सगळं जग त्यानंतर सुयांकडे धावलं. मी पण उठून बसले. मग २०१८ चा सापडला, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा, ८४८ बायका. यात अर्ध्या जणींना खोटी सुई, नाटकातल्या खंजिरासारखी, टेकते पण आत शिरत नाही. मूल हाती आलं ते खऱ्या सुईवाल्यांत १८.३ टक्के, खोटीवाल्यांत १७.८. म्हणजे काही नाही. हा फरक मी पोरांना फळ्यावर पुसून दाखवते.

ते वाचताना मला तुझी बाटली आठवली. त्या चारशेवर बायका खोट्या सुया अंगावर घेऊन डोळे मिटून पडल्या असतील, आणि वहीत कोणीतरी नोंदी ठेवत असेल. त्यांना विचारून ठेवत होते एवढाच फरक. मी तर तुला विचारलंही नव्हतं.

डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, बरं वाटत असेल तर करा, औषधाची वेळ चुकवू नका आणि सुया दर वेळी नव्या पाकिटातल्या आहेत ना ते बघा. आहेत.

माझा घोळ वेगळाच आहे. बाई म्हणतात, गुरुवारी आधी एकदा या आणि ट्रान्सफर झाल्यावर एकदा या. दवाखाना खराडीला! म्हणजे सकाळी कोथरूड, मग खराडी, परत कोथरूड, आणि मधल्या वेळात लघवी धरून बसायचं, कारण ट्रान्सफरला मूत्राशय भरलेलं लागतं. पुण्याचा ट्रॅफिक आणि माझं मूत्राशय, आधी कोण फुटतं यावर नितीन पैज लावायला तयार आहे. फायदा नाही हे मला आकड्यांत माहितीये. मग जायचं कशाला? पण नाही गेले आणि राहिलं नाही, तर? रात्री दोन वाजता तो २०१८ चा पेपर मला वाचवायला येणार नाही. आणि गेले आणि राहिलं, तर आधीच रांग लागलीये. सासूबाईंचा सिद्धेश्वराला नवस, आईचा शतावरी कल्प, नितीनने सोडलेली सिगारेट, आता सुया. लॅबमध्ये गर्भ वाढवणाऱ्या एम्ब्रियॉलॉजिस्टचं नाव कोणी घेणार नाही.

आज सकाळी ठरवलं, गुरुवारी नाही जायचं. अंघोळ करून आल्यावर ठरवलं, जायचं. आता दुपार आहे.

तुझं नवीन घर कसं आहे? बढती मिळाली म्हणे, पार्टी बाकी. मोठीला म्हणावं, गणिताचं काही अडलं तर मावशीला फोन कर.

आणि मंजे, बारशाला मला ताप नव्हता. त्याच आठवड्यात तो दोनपेक्षा कमीवाला बीटा आला होता. नागपूरचं तिकीट काढलेलं होतं, कुंची घेऊन ठेवली होती, पिवळी, अजून कपाटात आहे. नितीनला म्हटलं तू कळव, ताप म्हणून सांग. नंतर ग्रुपच म्यूट करून टाकला, फोटो येतील म्हणून. अजून तसाच आहे.

गुरुवारी फोन करू नकोस. बीटा त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, तेव्हाही मीच करेन, काही का येईना. पण त्याआधी एवढं कळव, बाळाचं नाव काय ठेवलंस?

तुझी,
रेवा

ता. क. आई सोलापूरहून येतेय बुधवारी. शेंगा चटणी तुझ्यासाठी वेगळी बांधायला सांगितलीये. कुंचीबरोबर कुरिअर करेन. आता मापाला बसेल की नाही देव जाणे.