शाळेतले संगणक भंगारात काढण्याआधी…

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. आमच्याकडे दहा संगणक आहेत, सगळे २०१४ सालचे. पस्तीस मिनिटांच्या तासातली पंधरा मिनिटे ते सुरू होण्यातच जायची. कुणाचा पेनड्राइव्ह लागला की व्हायरस सगळीकडे पसरायचा. शेवटी संगणक कक्षाला कुलूप लागले आणि दोन वर्षे ते तसेच राहिले.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट घेऊन आला. लिनक्स ही विंडोजऐवजी संगणक चालवणारी मोफत प्रणाली, मिंट हा तिचा एक प्रकार. त्याने आणली ती त्यातली एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. संगणकात काहीही न बदलता ती पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येते. आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का, हे आम्ही आधी तसेच तपासले आणि मगच ती बसवली. चार जीबी रॅम तिला पुरते. आठ संगणक पुन्हा चालू झाले. उरलेल्या दोघांचे सुटे भाग या आठांना लागले. आता सहावीची मुले इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या कळफलकावर आपल्या गावाची माहिती मराठीत टाइप करतात. परवा एक मुलगी जागेवरून उठून ओरडली, “बाई, ज्ञ आला!” त्या कुलपाच्या दोन वर्षांत किती मुले आठवी पास होऊन गेली, ते मला त्या क्षणी आठवले.

हे आत्ताच लिहायचे कारण असे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नियमित मोफत सुरक्षा अपडेट थांबली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. शाळांमधले जुने संगणक या अटींत बसत नाहीत. म्हणजे पुढची पायरी ठरलेली: निर्लेखनाचा, म्हणजे संगणक निकामी ठरवून नोंदीतून काढण्याचा प्रस्ताव, भंगार आणि नव्या खरेदीची वाट बघणे. ती वाट किती लांब असते, हे खेड्यातल्या शिक्षकाला विचारा.

केरळने वेगळे केले. तिथे २००१ साली शाळांतल्या संगणक शिक्षणासाठी आयटी@स्कूल प्रकल्प सुरू झाला. आज ते काम ‘काइट’ ही सरकारी कंपनी बघते. २०१९ साली काइटने उबुंटू या लिनक्सच्याच एका प्रकारावर आधारित स्वतःची प्रणाली दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी आणली आणि परवान्यांचे सुमारे ३,००० कोटी रुपये वाचतील, असे सांगितले. मला मात्र पैशांपेक्षा त्यांची पद्धत महत्त्वाची वाटते. त्यांनी नुसत्या सीडी वाटल्या नाहीत. शिक्षकांना प्रशिक्षण दिले, संगणकाची पाठ्यपुस्तके लिनक्ससारख्या मुक्त, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरवर बेतली, दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षाही त्यावरच घेतली. परीक्षा त्यावर असली की शिक्षकही मनापासून शिकतो, हे आपण जाणताच.

अडचणी आहेत, त्या लपवत नाही. कार्यालयातली जुनी पत्रे युनिकोड ही आताची सर्वत्र चालणारी पद्धत येण्याआधीच्या फाँटांत आहेत. तो फाँट नसला की अक्षरांची रांगोळी दिसते. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि काही स्कॅनर त्रास देतात. म्हणून मुख्याध्यापकांचा संगणक तूर्त आहे तसा राहू द्या. शालार्थ (शिक्षकांच्या पगाराची प्रणाली) आणि यूडायस प्लस (शाळांच्या माहितीची प्रणाली) ब्राउझरमध्ये चालतात, त्यांचे पुढे बघता येईल. माझी मागणी मुलांच्या संगणकांपुरती आहे.

प्रशिक्षणाला बाहेर बघायची गरज नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे मराठी पाठ मोफत उपलब्ध आहेत. लिनक्स आणि लिबरऑफिस (पत्रे, तक्ते बनवण्याचे मोफत सॉफ्टवेअर) मी त्यावरूनच शिकले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेची ‘बॉस’ ही स्वतःची लिनक्स प्रणाली आहे. एससीईआरटी आणि डाएट या राज्य आणि जिल्हा पातळीवरच्या शिक्षण संस्थांकडे शिक्षक प्रशिक्षणाची घडी बसलेली आहेच. कमी आहे ती एका शासन निर्णयाची: कोणताही शालेय संगणक लिनक्स चालवून बघितल्याशिवाय निर्लेखित करू नये, आणि शाळांच्या प्रत्येक केंद्रातल्या दोन शिक्षकांना त्याचे प्रशिक्षण मिळावे.

निर्लेखनाचे प्रस्ताव मार्चअखेर पुढे सरकतात. हा निर्णय त्याआधी व्हावा. सुरुवात एका तालुक्यापासून करायची असेल, तर आमचा माण घ्या. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर शेजारच्या शाळांचे संगणक सुरू करून द्यायला मी स्वतः जाईन.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. माण, जि. सातारा